उपटू नको, बाय

ये, बस इथं. पडवीतच बस, आत सगळी झोपलीत. वीज काही एवढ्यात यायची नाही. काळी नदीवर सुप्याचं धरण, त्याच्या खाली नागझरीचं वीजघर, पलीकडं कैगा, आणि एक फांदी तारेवर पडली की आपल्या नंदिगड्ड्यात मेणबत्ती. असू दे. काही गोष्टी अंधारातच बोलायला बऱ्या.

तांदळाच्या डब्यामागं टॉवेलात गुंडाळून काय ठेवलंयस ते मी सकाळीच पाहिलं. मोदकांसाठी पिठी काढायला गेले होते. नाही गं, आईला नाही सांगितलं. कुणाचा लॅपटॉप आहे? शाळेतल्या बाईंचा? आणि चवथीच्या आधी देते म्हणाली होतीस. म्हणून दोन दिवस तुझं तोंड असं झालंय तर. आण इकडं. मोबाईलचा उजेड धर, जरा तिरपा.

हं. टचपॅडची पट्टी, ही चपटी केबल. खालचे स्क्रू काढलेस आणि हात टेकायचा वरचा भाग एकदम उचललास. काही बोलू नकोस, दिसतंय सगळं. पट्टी त्या भागाला चिकटलेली, तिचं दुसरं टोक बोर्डात. भाग वर आला, पट्टी ताणली गेली आणि तिला धरून बसलेलं काळं कुलूप उडालं. पट्टीचा एक कानही थोडा फाटलाय. सोनेरी रेषा मात्र शाबूत आहेत, ही बघ, एकही तुटलेली नाही. ते नखाएवढं कुलूप कुठं उडालं? काडेपेटीत ठेवलंस? मग रडतेस कशाला गं! निम्मं काम तुझं तूच वाचवलंस. मी असते तुझ्या वयाची तर केर काढताना गेलं असतं ते.

तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. बेळगावात दुकानात लागून मला चार महिने झाले होते. एक कॉलेजची मुलगी लॅपटॉप घेऊन आली, पंखा आवाज करतो म्हणून. पंखाच काढायचा होता, पण डिस्प्लेची केबल आडवी येत होती. ती मी वर खेचली. ती वर निघायची नसते, बोर्डाला समांतर, आडवी सरकवून काढायची असते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून खेचली, कारण पाठीमागं गिऱ्हाईक उभं होतं आणि पाच वाजून गेले होते. पंखा छान चालू झाला, पडद्यावर हिरव्या रेघा. मी त्या मुलीला काय सांगितलं असेल? ‘केबल आधीपासूनच खराब होती बघ, आता नाहीतर महिन्यानं गेलीच असती.’ तिनं मान हलवली आणि नव्या केबलचे पैसे दिले. मोजून सुटे दिले गं, पर्समधून. ते सुटे पैसे मला अजून दिसतात. मालकाला कळलं नाही, तिला कळलं नाही. मला तेवढं ठाऊक आहे.

म्हणून मी आज तुला शिकवायला बसले आहे असं समजू नको. आज मी जे हातांना करू देत नाही, ते सगळं कधी ना कधी करून बसलेली आहे.

आपण कणगं कशी काढतो? पाल्याला धरून कुणी उपटतं का? जोयड्यातलं शेंबडं पोरही तसं करणार नाही. बाजूची माती मोकळी करतो, खुरप्यानं नाही तर बोटांनी चाचपतो, कंद कुठवर गेलाय ते बघतो, आणि तो सुटा झाला की मगच उचलतो. उपटलं तर वेल हातात येतो आणि कंद जमिनीत राहतो. लॅपटॉपची पट्टी अगदी तशीच. ती कुठं धरली गेली आहे ते आधी शोधायचं. निघत नसेल तर जोर कमी पडतोय असं नसतं, काहीतरी अजून धरलेलं असतं. एखादा चिकटपट्टीचा तुकडा, एखादा आकडा, एखादं कुलूप.

आणि कुलपं सगळी सारखी नसतात, तिथंच फसायला होतं. एक जात म्हणजे तुझ्या या टचपॅडची: मागच्या बाजूनं पापणीसारखी उघडते. नखानं किंवा प्लास्टिकच्या काडीनं हलकेच वर केली की पट्टी आपोआप सैल होते, जोर लावायचाच नसतो. दुसरी जात ड्रॉवरसारखी. दोन्ही टोकांना इवलेसे कान असतात, ते एकेक करून बाहेर सरकवायचे, जेमतेम एखादा मिलिमीटर. तिला पापणी समजून वर उचकटलंस की मोडली. तिसरीला कुलूपच नसतं, पट्टी नुसती घट्ट बसवलेली असते. आणि डिस्प्लेच्या केबलवर बऱ्याचदा तारेची एक कडी असते बादलीच्या कडीसारखी, ती आधी मागं टाकायची. काही कळलं नाही तर हात मागं घे आणि भिंग घेऊन बघ. बघायला पैसे पडत नाहीत.

पंख्याच्या, स्पीकरच्या तारा तू तारांना धरून ओढत असशील. हो की नाही? मीही ओढायची. प्लगच्या दोन कोपऱ्यांना चिमट्याची टोकं टेकवून आलटून पालटून ढकलायचं, इकडून थोडं, तिकडून थोडं. चूल सरकवतो तशी.

वायफायच्या त्या दोन बारीक तारा आहेत ना, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, त्यांचं टोक म्हणजे तांदळाच्या कणीएवढं पितळी बटण. ते सरळ वर उचलायचं, तिरकं नाही. ही बटणं बनवणारेच सांगतात की ती तीसेक वेळा लावण्या-काढण्यापुरतीच असतात. पट्टीची पुष्कळशी कुलपंही तशीच, दहा-वीस-तीस वेळांच्या हिशेबानं केलेली. कारखान्यात एकदा लागली, एकदोन दुरुस्त्यांत निघाली, बस. आपण चार्जरच्या पिनेसारखी समजतो, रोज काढा, रोज घाला. म्हणून शेजारच्या पोरांना दाखवायला आतलं सगळं पुन्हा पुन्हा उघडत बसू नको. परवा तेच चाललं होतं ना? मी पाहिलं.

आता हे नीट ऐक, यात मी पैसे घालवलेत. काहीही सोडवण्याआधी बॅटरी सोडवायची. चार्जर काढायचा, बॅटरीचा प्लग काढायचा, आणि मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, आत उरलेला करंट उतरू दे. डिस्प्लेच्या केबलमध्ये चित्राच्या तारांच्या जवळूनच पडद्याच्या दिव्याचा वीजपुरवठा जातो. बॅटरी जोडलेली असताना ती केबल तिरकी घातलीस किंवा तिरकी काढलीस की वीजपुरवठ्याची पिन शेजारच्या पिनेला टेकते आणि बोर्डावरचा मोहरीएवढा फ्यूज उडतो. मग पडदा मेलेला. बॅटरीचा प्लग काढायला अर्धं मिनिट लागत नाही, आणि तो फ्यूज बदलायला इथून बेळगाव किंवा हुबळी.

तू बॅटरी काढली होतीस? बरं. ही दुसरी शाबासकी. तिसरी मिळायची नाही, कारण तुझ्या हातात अजून काकणं आहेत. अगं हसतेस काय! दुकानातली मुलं मला शिकवत होती, पण त्यांना काकणं ठाऊक नव्हती. एकदा माझं काकण कीबोर्डच्या पट्टीत अडकलं आणि हात उचलला तशी पट्टीही उचलली गेली. काचेचं असेल तर अडकतं, धातूचं असेल तर बोर्डावर टेकतं. ओढणी मागं बांध. गळ्यातलं ब्लाउजच्या आत टाक, खाली वाकलं की ते सरळ बोर्डावर लोंबतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, काकणांनीच शिकवलं.

तुटली ती पट्टी दिसते तरी. न तुटता बिघडते ती फार फसवते. कुंपणाची तार हातानं तोडायची तर काय करतो? एकाच जागी वाकवतो, उलटी वाकवतो, परत वाकवतो. आधी ती जागा कडक होते, मग चीर जाते, मग तुटते. पट्टीच्या आत तांबंच आहे, केसाहून बारीक, दोन प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये. तिला तू ठरल्या जागी बसवताना नख फिरवून घडी घातलीस, कागदाला घालतो तशी, तर त्या दिवशी काही होत नाही. गिऱ्हाईक हसत घरी जातं. दोन-तीन महिन्यांनी अधूनमधून की दाबल्या जात नाहीत, टचपॅड रुसतो, आणि ते म्हणतं लॅपटॉपच जुना झाला. विरी बघ ना, पोफळीची. ओली असते तोवर हवी तशी वळते, तिच्या थाळ्या होतात. वाळलेली वळवायला गेलीस की मोडते. पट्टी ही नेहमी वाळलेली विरी समज. गोल वळण चालतं, टोकदार घडी नाही. आणि कारखान्यात जिथं घडी घातलेली आहे तिथंच ती राहू दे, सरळ करायला जाऊ नको. सरळ करून परत घातलीस की तार तोडायची ती युक्तीच झाली.

मोठमोठ्या कंपन्यासुद्धा यात चुकल्या आहेत, म्हणून तू एवढं मनाला लावून घेऊ नको. ॲपलचं २०१२ च्या मध्यातलं तेरा इंची मॅकबुक प्रो आठव, जाडसर, डीव्हीडीची फट असलेलं. त्याची हार्ड डिस्कची केबल ॲल्युमिनियमच्या अंगाला घासून जायची. मशीन चालू केलं की पडद्यावर फोल्डर आणि त्यात प्रश्नचिन्ह. लोक म्हणायचे डिस्क गेली. नवी डिस्क घालायचे, चार दिवस चालायचं, परत तेच, कारण गेलेली असायची केबल. मग जगभरच्या दुरुस्तीवाल्यांनी युक्ती काढली: नवी केबल घालताना तिच्या खाली, जिथं धातूला टेकते तिथं, चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचा. इतकंच.

दुसरी गोष्ट २०१६ च्या मॅकबुक प्रोची. पडदा उघडला-मिटला की त्याची पातळ केबल एका बोर्डाच्या कडेवरून दर वेळी ताणली जायची. आधी पडद्याच्या तळाशी नाटकातल्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसायचे, मग ठरावीक कोनापलीकडं उघडला की पडदा काळा. केबल पडद्याशीच जोडलेली, सुटी मिळायची नाही, म्हणजे सगळा पडदा बदला. २०१९ च्या जानेवारीत आयफिक्सिट नावाच्या दुरुस्तीवाल्यांच्या कंपनीनं ते जगापुढं मांडलं आणि नंतर दाखवलं की २०१८ च्या मॉडेलात तीच केबल दोन मिलिमीटर लांब केलेली आहे. मे महिन्यात ॲपलनं २०१६ च्या तेरा इंचींचे पडदे फुकट दुरुस्त करायची योजना काढली. दोन मिलिमीटर, बाय! तुझ्या नखाच्या पांढऱ्या कडेएवढे.

म्हणून झाकण लावताना केबल जिथून आली होती त्याच वाटेनं परत गेली पाहिजे. प्रत्येकीची खाच असते, बारके आकडे असतात, त्यातून ती ओवलेली असते. उघडल्या उघडल्या, काही हलवायच्या आधी, फोटो काढ. एक वरून, एक बिजागरीच्या बाजूनं. मी अजून काढते. बिजागरीकडं तर विशेष लक्ष दे, डिस्प्लेची केबल तिच्याच अंगाशी वळसा घेऊन वर जाते. आपल्याकडच्या पावसात बिजागरी गंजून घट्ट होते, लोक पडदा एका कोपऱ्याला धरून ओढतात, बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, आणि मग ती जागची हलते तशी केबलला चावते. स्क्रू घट्ट करण्याआधी पडदा पूर्ण उघडून बघ, पूर्ण मिटून बघ, केबल कुठं चेपते का. थोडी सैल हवी. पानवेल पोफळीला बांधताना आपण वाढायला जागा सोडतो ना, फास घालत नाही, तशी.

पडदा लुकलुकतो म्हणून कुणी आणला तर लगेच पडदा बदलायला सांगू नको. आधी एचडीएमआयनं टीव्हीला जोडून बघ. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर ग्राफिक्सचं दुखणं बहुतेक नाही, पडदा किंवा केबल. मग झाकण हळूहळू मागंपुढं कर. हलवलं की रेघा बदलत असतील तर केबलवर संशय घे. मागवताना केबलवरचं लेबल वाच, डीसी०२ किंवा डीडी० अशा अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक नंबर असतो, तो जसाच्या तसा कळव. नुसतं मॉडेल सांगितलंस तर तीस पिनांच्या जागी चाळीस पिनांची येते, आणि ती परत पाठवण्यात आठवडा जातो. माझ्या गावाला पोहोचवा म्हटलं की पलीकडचा माणूस आधी विचारतो, जोयडा म्हणजे कुठं?

चिकटपट्टीचं सांगायचं राहिलं. घरातली वायरमनची काळी चकचकीत टेप आत लावू नको. गरम झाली की तिचा डिंक पाझरतो, त्याला धूळ धरते, आणि पुढच्या वेळी काढताना पट्टीचा पापुद्रा घेऊन येते. पारदर्शक सेलोटेप तर नकोच. पिवळट तांबूस दिसते ती कॅप्टन टेप आण, नाव कॅप्टॉन आहे खरं, पण दुकानात सगळे कॅप्टनच म्हणतात. पॉलीइमाइड नावाचं प्लास्टिक, ड्यूपॉन्ट कंपनीनं साठच्या दशकात काढलं, चंद्रावर उतरलेल्या यानाच्या अंगावरसुद्धा त्याचे पापुद्रे गुंडाळले होते. चारशे अंशांपर्यंत उष्णता सोसतं. ज्या तांबूस पट्ट्या आपण जपतोय त्यातल्या पुष्कळ ह्याच प्लास्टिकच्या असतात, म्हणजे जातीचंच पांघरूण. जिथं नुसतं घासण्यापासून वाचवायचंय, तिथं काळी कापडी ॲसिटेट टेप चांगली, लॅपटॉपच्या आत कारखान्यातून तीच लावलेली असते. जुनी टेप काढायची असेल तर फर्रकन ओढू नको, केसांच्या ड्रायरनं किंचित ऊब दे आणि पट्टीला जवळजवळ लागून, मागं दुमडून, सोलत ये.

आणि आपल्या हवेचं एक आहे. चार महिने ओल, कपाटात कपड्यांना बुरशी, पितळेच्या भांड्यांना कळक. पट्टीच्या टोकांना आणि सॉकेटातल्या पिनांनाही तेच होतं. हिरवट डाग दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशनं लावून पुसून घे, पूर्ण वाळू दे. रॅमला चोळतेस तसं खोडरबर पट्टीच्या टोकाला चोळू नको, वरचा मुलामा इतका पातळ असतो की रबरानं तोच जातो. उंदरांचं तर तुला सांगायलाच नको. माळ्यावर ठेवलेला लॅपटॉप म्हणजे त्यांचं बाळंतपण ठरलेलं. उघडताना आधी वास घे, खरंच सांगते.

आता तुझ्या बाईंच्या लॅपटॉपचं. उद्या उजाडलं की करू, या उजेडात नाही. काडेपेटीतलं कुलूप चिमट्यात धरायचं, त्याच्या दोन्ही टोकांना बारीक खुंट्या आहेत, त्या सॉकेटच्या बाजूच्या खळग्यांत आधी एक, मग दुसरी, अशा बसवायच्या. एका टोकाची खुंटी जरा झिजलेली दिसते, पण बसेल. मग पापणी उघडी ठेवून पट्टी सरळ आत घालायची. तिच्यावर आडवी पांढरी रेघ आहे ना, ती सॉकेटच्या कडेला दोन्हीकडं सारखी समांतर आली पाहिजे. तिरकी दिसली तर मिटूच नको. फाटलेल्या कानाच्या मागच्या बाजूला, सोनेरी बाजूला नाही हं, कॅप्टन टेपचा तुकडा लावू, जरा ताठ होईल. कुलूप सैल लागलं तर आणखी एक थर, जाडी भरून निघते. मी गोव्यात मावशीकडं गेले होते तेव्हा तिच्या लॅपटॉपचं असंच केलं होतं, दोन वर्षं झाली, चालतोय. पण दोन वर्षं झाली म्हणजे कायमचं झालं असं मी त्या मावशीलाही सांगितलं नव्हतं.

बाईंना तू सांगणार आहेस. आधी, चालू करून दाखवायच्या आधी. ‘बाई, उघडताना माझ्याकडून कुलूप निघालं, मी बसवलंय, सहा महिन्यांत टचपॅडनं त्रास दिला तर माझ्याकडंच आणा, पैसे घेणार नाही.’ एवढंच. घाबरतेस? घाबर. मीही घाबरले होते, म्हणून तर ते सुटे पैसे घेतले.

सॉकेटच गेलं असेल, सकाळी कळेल म्हणा, तर बोर्ड माझ्याबरोबर दे. बेळगावात एक मुलगा आहे, सूक्ष्मदर्शकाखाली असली सॉकेटं बदलतो. त्याचा हात माझ्याहून चांगला आहे, हे मी त्याच्यासमोर कबूल करत नाही. अशा वेळी मात्र बोर्ड नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा नाही. रॅम ज्या करड्या चकचकीत पिशवीतून येते तसली एक माझ्या बॅगेत आहे.

परवा सकाळी माझी बस आहे, म्हणजे उद्याचा दिवस आपल्याकडं पुरता आहे. पूजेचं आवरलं की मधल्या खोलीत खिडकीपाशी पांढरी चादर अंथर, स्क्रू पडला तर दिसतो. काडेपेटी तिथंच आणून ठेव, आणि आईनं विचारलं तर सांग की ताईला काम दाखवतेय. बघ, आली वीज. चार्जर नको लावू गं आता, आधी तो लॅपटॉप गुंडाळ.